काउंट पडलेले असताना रक्तात सापडलेला अनोळखी जंतू: ल्युकेमियाच्या रुग्णासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

केमो दिल्यानंतर ल्युकेमियाच्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी खाली येतात, ज्याला वॉर्डात सगळेच 'काउंट पडले' असे म्हणतात. या दिवसांत ताप आला तर त्यामागे बहुतेक वेळा ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस किंवा तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस असे ओळखीचे जंतू असतात, आणि पहिल्या तासात सुरू केले जाणारे अँटिबायोटिकही त्यांचाच विचार करून निवडलेले असते. हा लेख उरलेल्या जंतूंविषयी आहे. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर किंवा भोवतालच्या पाण्यात आणि मातीत ते कोणाला त्रास न देता राहतात. शरीराचे संरक्षण कोसळले की तेच रक्तात उतरतात. त्यांची यादी लांबलचक आहे आणि ती पाठ करून फारसे काही साधत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारावेत: जंतूला शिरायला कोणती वाट उघडी आहे, कोणते औषध चालू असताना ताप आला, आणि प्रयोगशाळेने सूक्ष्मदर्शकाखाली नेमके काय पाहिले. या तीन उत्तरांची सांगड घातली की दुर्मिळ जंतूचाही अंदाज नाव कळण्याआधीच बांधता येतो.

वॉर्डातले निवासी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णाजवळ बसणारे नातेवाईक अशा तिघांनाही समोर ठेवून हे लिहिले आहे. औषधाची मात्रा आणि अंतिम निवड उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. नातेवाइकांनी स्वतःहून कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नये.

जोखीम आधी मोजून ठेवा

एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा फसवा असतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एकूण पेशी 800, त्यात न्यूट्रोफिल 20 टक्के आणि बँड पेशी, म्हणजे कोवळे न्यूट्रोफिल, 5 टक्के असतील, तर जंतूंशी प्रत्यक्ष लढणाऱ्या पेशी फक्त 200 आहेत. हा आकडा 500 च्या खाली गेला, किंवा पुढच्या 48 तासांत जाईल असे दिसले, की रुग्ण न्यूट्रोपेनियात आहे असे धरतात. 100 च्या खाली गेला तर जोखीम आणखी वाढते. ल्युकेमियात याची उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते. निदानाच्या दिवशी एकूण पेशी 40,000 असू शकतात, पण त्यातल्या बहुतेक अपरिपक्व ब्लास्ट पेशी असतील तर त्या रुग्णाचे संरक्षण काउंट पडलेल्या रुग्णाइतकेच दुबळे असते.

किती खाली गेले याइतकेच किती दिवस खाली राहिले यालाही महत्त्व आहे. सात दिवसांहून अधिक काळ न्यूट्रोफिल कमी राहणार असतील तर रुग्ण उच्च जोखमीचा समजावा. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या पहिल्या केमोनंतर हा काळ सहसा तीन आठवड्यांच्या आसपास जातो, आणि बुरशीचे बहुतेक संसर्ग याच लांबलेल्या काळाच्या उत्तरार्धात डोके वर काढतात. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात स्टिरॉइडही दिले जाते. त्यामुळे एकीकडे लिस्टेरियासारख्या वेगळ्या जंतूंना वाव मिळतो आणि दुसरीकडे ताप झाकला जातो.

उष्ण प्रदेशात अनवाणी मातीत काम केलेल्या व्यक्तीला स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी स्ट्राँगिलॉइडिस या कृमीची तपासणी अवश्य करावी. ही कृमी आतड्यात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकते. स्टिरॉइड सुरू झाले की तिच्या अळ्या आतड्याची भिंत भेदून शरीरभर पसरतात आणि आतड्यातले जिवाणू आपल्यासोबत रक्तात नेतात. कारण सापडत नसताना आतड्यातले जिवाणू रक्तात पुन्हा पुन्हा मिळत असतील तर या कृमीची आठवण ठेवावी. आयव्हरमेक्टिनने तिचा उपचार होतो, मात्र तो वेळेत व्हायला हवा.

ताप आल्यापासूनचा पहिला तास

तोंडाने घेतलेले तापमान एकदाच 38.3 अंश सेल्सियस, म्हणजे 101 अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त भरले, अथवा 38 अंश, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, एक तास टिकून राहिले, तर तो ताप आहे आणि ती तातडीची परिस्थिती आहे. तोंड आलेले असेल तर काखेत मोजावे. गुदद्वारातून तापमान कधीही घेऊ नये, एनिमा किंवा सपोझिटरी देऊ नये, कारण तिथल्या नाजूक त्वचेला झालेली बारीकशी चीरही जंतूंना पुरते. तापमान मोजून डॉक्टरांना कळवण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. थोडे बरे वाटेल म्हणून घरी दिलेली ती एक गोळी पुढचे सहा तास खरे चित्र झाकून टाकते.

ताप नाही म्हणून संसर्ग नाही असेही समजू नये. अचानक हुडहुडी भरणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, पोटात दुखू लागणे, रुग्ण बोलता बोलता भरकटणे, नाडी वाढून रक्तदाब उतरणे यांपैकी काहीही दिसले तर तापाची वाट न पाहता पुढची पावले उचलावीत. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी, फ्लश केल्यानंतर (द्रव सोडून धुतल्यानंतर) अर्ध्या तासात हुडहुडी भरली, तर संशय थेट लाइनवर जातो. ही वेळ सिस्टरांनी घड्याळ पाहून कागदावर लिहून ठेवावी.

ब्लड कल्चर (जंतू वाढवून ओळखण्यासाठी खास बाटल्यांत घेतलेले रक्त) घेतल्याबरोबर, पहिल्या 60 मिनिटांच्या आत, स्यूडोमोनासवर चालणारे अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवे: सेफेपिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम यांपैकी, त्या रुग्णालयातल्या जंतूंचा कल पाहून. व्हँकोमायसिन सरसकट जोडायचे नसते. लाइनच्या जागी लाली, त्वचेचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा उतरलेला रक्तदाब असेल तर ते जोडतात. या तासात दुर्मिळ जंतूचा विचार करत थांबू नये, कारण तो विचार करण्याची वेळ दुसऱ्या दिवशीपासून येते.

ब्लड कल्चर: सगळे यावर उभे आहे

दुर्मिळ जंतू ओळखता येण्याची शक्यता बाटलीत किती रक्त गेले आणि ते किती स्वच्छपणे गेले यावर ठरते. माझ्या मते या संपूर्ण मार्गातला सर्वात दुर्लक्षित टप्पा हाच आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

किमान दोन संच घ्यावेत. सेंट्रल लाइन असेल तर तिच्या प्रत्येक ल्युमेनमधून, म्हणजे आतल्या प्रत्येक वाटेतून, एकेक आणि हाताच्या शिरेतून एक. प्रौढ व्यक्तीत एका संचाला 20 मिलिलिटर रक्त लागते, म्हणजे हवा लागणाऱ्या जंतूंच्या बाटलीत 10 आणि हवा न लागणाऱ्या जंतूंच्या बाटलीत 10. मुलांमध्ये प्रमाण वजनानुसार ठरते. रुग्णाचे रक्त आधीच कमी आहे म्हणून तीन-चार मिलिलिटरवर भागवण्याचा मोह होतो, पण रक्तातल्या जंतूंची संख्या फार कमी असू शकते आणि थोड्या रक्तात ते निसटून जातात.

त्वचा अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने पुसून ती आपोआप वाळू द्यावी. फुंकर मारू नये, पुसल्यानंतर बोटाने शीर पुन्हा चाचपू नये. बाटलीचे प्लास्टिकचे झाकण काढल्यावर खालचा रबर निर्जंतुक असतो असे अनेकांना वाटते. तो तसा नसतो, तोही अल्कोहोलने पुसावा लागतो. सिरिंजने रक्त घेतले असेल तर हवा न लागणारी बाटली आधी भरावी. बटरफ्लाय सुईने थेट घेत असाल तर नळीतली हवा आत जाते, म्हणून हवा लागणारी बाटली आधी. हवा न लागणाऱ्या जंतूंची बाटली वगळू नये. तोंडातला लेप्टोट्रिकिया आणि आतड्यातला क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम त्याच बाटलीत सापडतात.

प्रत्येक बाटलीवर रक्त कुठून घेतले आणि किती वाजता घेतले हे लिहावे. लाइनमधले आणि हातातले रक्त एकाच वेळी, सारख्या प्रमाणात घेतले असेल आणि लाइनच्या बाटलीत वाढ दोन तास किंवा त्याहून आधी दिसली, तर जंतूचे मूळ लाइनमध्ये आहे असे मानतात. बाटलीवर जागेचा उल्लेख नसेल तर ही अमूल्य माहिती हातची जाते. मागणीपत्रावर 'ताप' एवढेच लिहून भागवू नये. न्यूट्रोपेनिया आहे, लाइन आहे, अमुक अँटिबायोटिक आणि अमुक बुरशीरोधक औषध चालू आहे, तोंड आले आहे, शिरेतून पोषण चालू आहे, हे सगळे लिहावे. सर्पिल आकाराच्या हेलिकोबॅक्टर सिनेडीसारख्या जंतूला दिसायला नेहमीचे पाच दिवस अपुरे पडू शकतात. मॅलॅसेझिया ही बुरशी तर स्निग्ध पदार्थ मिळाल्याशिवाय नीट वाढतच नाही. शिरेतून लिपिड दिल्या जाणाऱ्या रुग्णाचे प्रयोगशाळेला कळले तर तिथे प्लेटवर ऑलिव्ह तेलाचा थर देतात.

शरीराची तपासणी, मोजे काढून

न्यूट्रोफिल नसतील तर पू होत नाही, सूजही फारशी येत नाही. म्हणून बारीक खुणा शोधाव्या लागतात, आणि त्या रोज शोधाव्या लागतात.

तोंडात उजेड टाकून हिरड्या, जिभेखालची जागा आणि घसा पाहावा. लाइनची जागा पट्टीवरून हलके दाबून दुखते का ते विचारावे. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखते का, जुलाब आहेत का, हे विचारावे. तिथे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येऊन त्यातून क्लॉस्ट्रिडियम रक्तात शिरतो आणि काही तासांत रुग्ण कोसळू शकतो, त्यामुळे सीटी स्कॅन आणि शल्यचिकित्सकांचे मत लगेच घ्यावे. गुदद्वाराची जागा बोट न घालता, फक्त डोळ्यांनी पाहावी.

मग रुग्णाचे मोजे काढावेत. पायाच्या अंगठ्याच्या नखाची कड लाल झाली आहे का, नखुरडे झाले आहे का, हे प्रत्येक बोट वेगळे करून पाहावे. फ्युझॅरियम ही मातीतली बुरशी अनेकदा अशाच दुखऱ्या नखाच्या कडेतून आत शिरते. त्यानंतर हातापायांवर लालसर, दुखऱ्या गाठी उठतात आणि काहींचा मध्य काळा पडत जातो. सकाळी दोन असलेल्या गाठी दुसऱ्या दिवशी दहा असू शकतात, आणि शेजारी शेजारीच एक कोवळी लाल व दुसरी काळवंडलेली दिसते. अशी एक गाठ दिसली तरी पेनने तिच्याभोवती वर्तुळ आखून, फोटो काढून, त्याच दिवशी तिचा तुकडा पॅथॉलॉजी आणि कल्चर या दोन्हींसाठी पाठवावा. प्लेटलेट कमी असतील तर त्या देऊन तुकडा घ्यावा, पण टाळू नये. केमो सुरू करण्यापूर्वी नखांची अशी तपासणी करून संसर्ग निस्तरला तर पुढचे संकट टळू शकते.

प्रयोगशाळेचा फोन येतो तेव्हा

बाटलीत वाढ दिसली की प्रयोगशाळा आधी ग्राम स्टेन करून, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, फोनवर कळवते (जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम पॉझिटिव्ह, न धरणारे ते ग्राम निगेटिव्ह). नाव यायला अजून वेळ असतो, पण याच फोनमध्ये निम्मे उत्तर दडलेले असते, आणि नेमका इथेच दुर्मिळ जंतू हातातून निसटतो. 'ग्राम पॉझिटिव्ह दंडगोल जिवाणू, बहुधा त्वचेवरची भेसळ' असे ऐकून फोन ठेवला जातो. इतर रुग्णांत हा तर्क बहुतेक वेळा बरोबर ठरतो. काउंट पडलेल्या रुग्णात मात्र तो पुराव्याशिवाय मान्य करू नये. किती बाटल्यांत वाढ आहे, किती तासांत दिसली, या दंडगोल काड्या कशा दिसतात, हे फोनवरच विचारावे आणि कल्चर लगेच पुन्हा घ्यावे.

काड्या जाड, चौकोनी टोकांच्या, मालगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या दिसत असतील तर तो बॅसिलस सिरियस असू शकतो. एरवी भेसळ म्हणून सोडून दिला जाणारा हा जंतू ल्युकेमियात मेंदूपर्यंत पोचतो. आधी मळमळ किंवा पोटदुखी, मग डोकेदुखी आणि गुंगी असा क्रम दिसतो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे त्याच्यावर सहसा चालत नाहीत, म्हणून नावाची वाट न पाहता व्हँकोमायसिन सुरू करावे लागते. काड्या बारीक, मण्यांच्या माळेसारख्या तुटक रंगल्या असतील आणि अहवालात 'डिफ्थेरॉइड' (त्वचेवरच्या, सहसा भेसळ मानल्या जाणाऱ्या काड्या) लिहिले असेल, तर अॅसिड फास्ट स्टेन, म्हणजे मायकोबॅक्टेरिया ओळखणारी रंगचाचणी, करण्याची विनंती करावी. क्षयाच्या जंतूच्या कुळातले पण झपाट्याने वाढणारे मायकोबॅक्टेरिया, म्हणजे चेलोनी, फॉर्च्युइटम, म्यूकोजेनिकम यांसारखे लाइनमध्ये घर करणारे जंतू, असेच दिसतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

गुच्छातले गोल जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकसच असे नाही. तोंड आलेल्या रुग्णात रोथिया म्यूसिलाजिनोसा तसाच दिसतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. ग्राम निगेटिव्ह काड्या दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीसारख्या असतील तर कॅप्नोसायटोफॅगा किंवा लेप्टोट्रिकिया आठवावा आणि तोंड पुन्हा तपासावे. पाळीव कुत्र्याने चाटल्याचा किंवा चावल्याचा इतिहासही विचारावा, कारण कॅप्नोसायटोफॅगाची एक जात कुत्र्याच्या तोंडात असते.

'यीस्ट', म्हणजे एकपेशी बुरशी, हा शब्द ऐकून तो कँडिडाच असेल असे धरू नये. आयताकृती तुकडे दिसले तर ट्रायकोस्पोरॉन किंवा सॅप्रोकीट असू शकतो. फ्युझॅरियमही रक्ताच्या बाटलीत यीस्टसारख्या पेशी दाखवून चकवतो. त्याचे केळ्याच्या आकाराचे बीजाणू नंतर, प्लेटवर दिसतात. तंतुमय बुरशी रक्तात वाढली तर अॅस्परजिलसपेक्षा आधी फ्युझॅरियम मनात आणावा, कारण अॅस्परजिलस रक्ताच्या बाटलीत क्वचितच वाढतो. जंतूची प्रथिने आपल्या संग्रहाशी ताडून पाहणारे माल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत नाव देते, पण त्याच्या संग्रहात दुर्मिळ जंतूंचे नमुने कमी असतात. यंत्राने दिलेले जुळणीचे गुण कमी आले किंवा नाव चित्राशी जुळत नसेल, तर जनुकीय क्रमावरून ओळख पटवण्याचा आग्रह धरावा.

चालू औषधाची यादी पुन्हा वाचा

एखादे औषध आठवडाभर चालू असताना त्यातूनही जो जंतू रक्तात आला, त्याला ते औषध मारू शकत नाही असाच अर्थ आधी घ्यावा. औषधांचा तक्ता म्हणूनच निदानाचे साधन आहे.

मेरोपेनेम चालू असताना ग्राम निगेटिव्ह काडी आली तर स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया असू शकतो. मेरोपेनेम ज्यात मोडते त्या कार्बापेनेम गटाला तो जन्मजात जुमानत नाही. ल्युकेमियात त्यामुळे फुप्फुसात रक्तस्राव करणारा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि त्यावर कोट्रायमॉक्साझोल, लेव्होफ्लॉक्सासिन, मिनोसायक्लिन अशा वेगळ्याच औषधांचा विचार करावा लागतो. व्हँकोमायसिन चालू असताना ग्राम पॉझिटिव्ह जंतू आला तर ल्युकोनॉस्टॉक, पेडिओकॉकस, लॅक्टोबॅसिलस किंवा व्हँकोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकॉकस. सेफेपिमवर असताना आला तर एंटेरोकॉकस आणि लिस्टेरिया, कारण दोघांवरही सेफेपिमचा सेफॅलोस्पोरिन गट चालत नाही.

बुरशीरोधक औषधांबाबत हे आणखी ठळकपणे दिसते. फ्लुकोनाझोलवर असताना कँडिडा क्रुसाय येतो. कॅस्पोफंगिन किंवा मायकाफंगिन चालू असताना यीस्ट उगवला तर ट्रायकोस्पोरॉन, सॅप्रोकीट, रोडोटोरुला, क्रिप्टोकॉकस हे सगळे रांगेत उभे राहतात, आणि तंतुमय बुरशी असेल तर फ्युझॅरियम. यांपैकी एकावरही हा गट भरवशाचा नाही. अशा वेळी त्याच औषधाची मात्रा वाढवत बसू नये. ट्रायकोस्पोरॉनला व्होरिकोनाझोल, फ्युझॅरियमला व्होरिकोनाझोल किंवा लायपोसोमल अँफोटेरिसिन किंवा दोन्ही, असा बदल त्याच दिवशी व्हावा. क्रिप्टोकॉकसची अँटिजेन चाचणी ट्रायकोस्पोरॉनमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

लाइन काढायची की ठेवायची

रुग्णाच्या शिरा संपत आलेल्या असतात, प्लेटलेट कमी असतात, म्हणून लाइन वाचवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. तरीही स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास, कोणतीही बुरशी आणि मायकोबॅक्टेरिया या चौघांत, लाइन उगम असेल तर, ती काढण्याकडेच कल ठेवावा, आणि बॅसिलसही याच रांगेत बसवावा. जंतू प्लास्टिकवर स्वतःचा थर तयार करून त्याआड राहतात. औषध चालू आहे तोवर ताप उतरतो आणि थांबवले की परततो. तोंडातून किंवा आतड्यातून आलेल्या जंतूत मात्र लाइन निर्दोष असू शकते, तिथे ती काढण्याची घाई नको.

पुढचे दिवस

रक्त स्वच्छ झाले हे दिसेपर्यंत कल्चर दररोज किंवा दिवसाआड घ्यावे. उपचाराचे दिवस औषध सुरू झाल्यापासून न मोजता पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजावेत. कँडिडात त्यानंतर किमान 14 दिवस, शिवाय लक्षणे गेलेली आणि न्यूट्रोफिल परतलेले असावे लागतात. कँडिडा असेल तर डोळ्यांचा पडदा तपासावा, आणि न्यूट्रोफिल परत आल्यावर आठवड्याभरात ही तपासणी करावी, कारण पेशी नसताना पडद्यावरचे डाग दिसत नाहीत. चार ते सात दिवस योग्य अँटिबायोटिक देऊनही ताप हटत नसेल आणि कारण मिळत नसेल, तर छातीचा सीटी स्कॅन करून बुरशीरोधक औषधाचा निर्णय घ्यावा. याउलट काउंट वर येऊनही ताप टिकला आणि रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताच्या तपासणीतले एन्झाइम वाढत गेले, तर यकृत आणि प्लीहेत कँडिडाच्या गाठी आहेत का ते पाहावे.

नातेवाइकांच्या हातात असलेल्या दोन गोष्टी इथेच सांगतो. पचनासाठी म्हणून दिली जाणारी प्रोबायोटिक पावडर या रुग्णाला देऊ नये. त्यातले लॅक्टोबॅसिलस आणि सॅकरोमायसीस बोलार्डी रक्तात सापडलेले आहेत, आणि शेजारच्या रुग्णासाठी पुडी फोडताना उडालेली भुकटी हातावरून लाइनच्या टोकावर पोचू शकते. अंघोळीच्या वेळी लाइनचे टोक नळाच्या पाण्याने भिजू देऊ नये, कारण पाण्यातले जिवाणू आणि मायकोबॅक्टेरिया त्याच वाटेने आत येतात.

घरी सोडताना कागदावर जंतूचे जातीसह पूर्ण नाव, तो कोणत्या औषधांना दाद देत नाही, लाइन कधी काढली, पहिले निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचे, आणि कोणते बुरशीरोधक औषध किती दिवस चालवायचे हे लिहून घ्यावे. त्या कागदाची एक प्रत नातेवाइकांनी रुग्णाच्या पिशवीत कायम ठेवावी, कारण पुढच्या केमोनंतर काउंट पुन्हा पडतील आणि रात्री ताप आल्यावर समोर कदाचित वेगळेच डॉक्टर असतील.